स्क्विड प्रॉक्सी: डिचोलीचं ऑफिस, वाळपईचा लॅपटॉप

आमचं ऑफिस डिचोलीत, बाजारापासून पाच मिनिटांवर. काम हिशेबाचं: जीएसटी, टीडीएस, पगारपत्रकं. कळंगुट-कांदोळी पट्ट्यातल्या तीन हॉटेलांची खाती आमच्याकडे आहेत, आणि त्यांचं बिलिंगचं पोर्टल फक्त आमच्या ऑफिसच्या स्टॅटिक आयपीवरूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या न बदलणाऱ्या पत्त्यावरूनच, उघडतं. हॉटेलवाल्यांनी तशी अटच घातली आहे आणि ती मला पटते. पाहुण्यांची नावं, पासपोर्टचे तपशील, पैसे, सगळं त्यात असतं. कुठूनही उघडावं असं ते नाहीच.

अडचण येते ती पावसात. आमच्या सहाजणींपैकी तिघी लांबून येतात. एक वाळपईच्याही पुढून, एक केरीहून, एक पेडण्याहून. जुलैत वाळवंटीचं पाणी चढलं की साखळीपलीकडून येणारी कदंबा बस कधी पोहोचेल सांगता येत नाही. जीएसटीच्या तारखा मात्र पाऊस बघत नाहीत. म्हणून या तिघींना घरी बसून, पण ऑफिसच्या आयपीवरून, पोर्टल उघडता यायला हवं होतं. त्यासाठी मी स्क्विड हा प्रॉक्सी सर्व्हर लावला. मे महिन्यात लावला, अख्खा पावसाळा त्यावर काढला आणि आता नोव्हेंबरात हे लिहिते आहे. आपल्याकडे छोट्या ऑफिसांत हे काम कुणीतरी येऊन अर्ध्या तासात 'करून देतो' आणि काय केलं ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ. घरचा ब्राउझर पोर्टलकडे थेट जात नाही. तो ऑफिसातल्या मशीनला सांगतो, मला अमुक ठिकाणी जोडून दे. मशीन जोडून देतं आणि पोर्टलला पत्ता दिसतो तो ऑफिसचा. स्क्विड हे काम १९९६ पासून करतोय. फुकट आहे, मुक्त आहे, त्याचा सोर्स कुणालाही बघता येतो. मुळात तो पानं साठवून ठेवण्यासाठी, म्हणजे कॅशिंगसाठी, नावाजला होता. आज जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद जोडणीवर, असल्यामुळे प्रॉक्सीला आतलं पान दिसतच नाही, मग साठवणार काय? कुणी सांगितलं की स्क्विड लावा, नेट वेगवान होईल, तर त्या आशेवर लावू नका. तो लावायचा तो कोण कुठे जाईल हे ठरवण्यासाठी.

आता फेब्रुवारीची गोष्ट. आमच्याकडे त्याआधीही स्क्विडच होता. बाहेरच्या एका माणसाकडून बसवून घेतला होता. दीड महिना सगळं सुरळीत चाललं. जीएसटीआर-३बी या मासिक विवरणपत्राची तारीख २०. १८ तारखेला सकाळी तिन्ही हॉटेलांपैकी सगळ्यात मोठ्याचं पोर्टल बंद. दुपारी त्यांच्या आयटीवाल्याचा फोन आला, "मॅडम, तुमच्या आयपीवरून रात्रभर लॉगिनचे प्रयत्न चाललेत. आमच्या सिस्टमने तुम्हाला ब्लॉक केलंय." रात्री आमच्या ऑफिसात कुणीच नव्हतं. मी त्याला ते सांगितलं तेव्हा तो गप्प झाला, आणि ती शांतता मला अजून आठवते. आमच्यावर विश्वास टाकून त्यांनी ते दार उघडं ठेवलं होतं. पुढचे दोन दिवस मी कांदोळीला त्यांच्या मागच्या ऑफिसात बसून नोंदी केल्या.

कारण काय होतं ते मे महिन्यात कळलं. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तो मानकुराद आंबे खायला म्हणून दरवर्षी येतो. त्याने पहिल्या संध्याकाळी एवढंच म्हटलं, "मावशी, नवीन काही करायच्या आधी जुना लॉग बघूया." ॲक्सेस लॉग, म्हणजे कोण कुठे गेलं याची नोंदवही, उघडला तर तो कित्येक जीबींचा. ओळीमागून ओळ अनोळखी परदेशी पत्ते, आमच्या मशीनमधून जगभर जात असलेले. मग सेटिंगची फाइल उघडली. तिच्यात नियमांच्या अगदी वर एक ओळ होती: एचटीटीपी ॲक्सेस, अलाऊ ऑल. आणि राउटरवर ३१२८ पोर्ट, म्हणजे मशीनचं त्या क्रमांकाचं दार, सरळ बाहेर उघडा. ३१२८ हा स्क्विडचा ठरलेला पोर्ट. असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. त्यांना आमचं मशीन सापडलं, कुणालाही परवानगी आहे हेही सापडलं, आणि आमचा पत्ता लोकांच्या उपयोगाचा झाला.

स्क्विडबद्दल कुणाला एकच गोष्ट समजून घ्यायची असेल तर ती ही: नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जो लागू पडेल तिथेच निकाल लागतो. खाली कितीही कडक नियम लिहा, वर 'अलाऊ ऑल' असेल तर ते नियम वाचलेच जात नाहीत. 'घरून कनेक्ट होत नाही' या तक्रारीवर ही ओळ टाकणं हा सगळ्यात सोपा उपाय, म्हणून तो ठिकठिकाणी सुचवलेला दिसतो. वापरू नका. खरोखर वापरू नका.

आम्ही सगळं पुसून नव्याने केलं. ऑफिसातलाच जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, त्यात एक एसएसडी आणि डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली. तीन माणसांसाठी हे पुरून उरतं. डेबियनवर स्क्विडची दोन पॅकेजेस मिळतात, नुसतं स्क्विड आणि स्क्विड-ओपनएसएसएल. आम्ही दुसरं घेतलं, कारण आम्हाला ब्राउझर ते प्रॉक्सी हा टप्पाही कुलूपबंद हवा होता.

या टप्प्याबद्दल थांबून बोलायला हवं, कारण बहुतेक जण हाच विसरतात. लोक म्हणतात, पोर्टल एचटीटीपीएसवर आहे ना, मग झालं की सुरक्षित. पोर्टलवरचं पान सुरक्षित आहे, खरं आहे. पण ब्राउझर आधी प्रॉक्सीला म्हणतो, 'मला अमुक साइटला जोड, हे माझं नाव, हा माझा पासवर्ड.' साध्या प्रॉक्सीत हे बोलणं उघड्यावर होतं. पासवर्ड बेस६४ नावाच्या लिपीत जातो, ती लपवणारी लिपी नव्हेच, कुणीही उलटी वाचू शकतो. म्हणजे कुठल्या फुकट वायफायवर बसून काम केलं, तर प्रॉक्सीची किल्ली त्या वायफायवाल्याच्या हातात. फेब्रुवारीत आमचं दार सताड उघडं होतं. साध्या प्रॉक्सीवर नुसता पासवर्ड घातला असता, तर दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवल्यासारखं झालं असतं.

स्क्विडमध्ये त्यासाठी एचटीटीपी पोर्टऐवजी एचटीटीपीएस पोर्ट अशी ओळ लिहायची आणि तिला मशीनची ओळख पटवणारं प्रमाणपत्र आणि त्याची किल्ली या दोन फाइली द्यायच्या. आमच्या ऑफिसच्या वेबसाइटचं डोमेन होतंच, त्याखाली एक उपनाव (सबडोमेन) काढून ते स्टॅटिक आयपीला जोडलं आणि लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं फुकट प्रमाणपत्र घेतलं. पोर्ट ४४३ ठेवला, म्हणजे कुठल्याही नेटवर तो सहसा अडवलेला नसतो. राउटरवर बाहेरून एवढंच एक दार. ३१२८ बंद.

मग नियम. भाच्याने मला ते स्वतःच्या हाताने लिहायला लावले, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. स्क्विडची मूळ फाइल हजारो ओळींची आहे, त्यातल्या बहुतेक नुसत्या सूचना. घाबरून जावं अशी. आम्ही तिची प्रत बाजूला ठेवली आणि आपली वीसेक ओळींची फाइल केली. क्रम असा: ४४३ सोडून दुसऱ्या पोर्टवर जोडणी मागितली तर नकार. आमच्या यादीतल्या साइट सोडून दुसरीकडे जायचं असेल तर नकार. नाव-पासवर्ड बरोबर असेल तर परवानगी. बाकी सगळ्यांना नकार. यात उद्गारचिन्हाचा अर्थ 'सोडून' असा होतो. 'डिनाय' आणि पुढे उद्गारचिन्ह लावलेली यादी, म्हणजे ही यादी सोडून सगळं नाकारा. साइटची यादी वेगळ्या फाइलीत ठेवली, एका ओळीला एक नाव, नावाआधी टिंब. टिंब दिलं की त्या नावाखालची सगळी उपनावंही त्यात येतात.

दुसऱ्या नियमाचा मला सगळ्यात आधार वाटतो. समजा उद्या एखादीचा पासवर्ड बाहेर गेला, तरी त्या चोराला आमच्या प्रॉक्सीतून तीन पोर्टलखेरीज कुठेच जाता येणार नाही, आणि पोर्टलचं स्वतःचं लॉगिन वेगळं आहेच.

फाइल लिहून झाली की लगेच सुरू करायची नाही. स्क्विडला 'के पार्स' असा पर्याय देऊन हाक मारली की तो फाइल वाचून चूक असेल ती ओळीच्या क्रमांकासह सांगतो. मी एके ठिकाणी नियम आधी लिहिला होता आणि त्यातल्या यादीची व्याख्या नंतर. त्याने बरोबर पकडलं. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली: बदल केला की रीस्टार्ट नको, रीलोड करावं, म्हणजे न थांबवता फाइल पुन्हा वाचायला लावावी. रीस्टार्टमध्ये स्क्विड चालू जोडण्या संपायची वाट बघतो, मुळात ३० सेकंदांपर्यंत. तेवढ्यात पेडण्याहून फोन येतो, "मॅडम, गेलं!"

ब्राउझरचं काम मला सर्व्हरपेक्षा किचकट वाटलं. फायरफॉक्सच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये हाताने प्रॉक्सी भरायचा जो तक्ता आहे, त्यात 'एचटीटीपीएस प्रॉक्सी' असा रकाना दिसतो. मी त्यात आमच्या प्रॉक्सीचं नाव आणि ४४३ भरून मोकळी झाले आणि काहीच चालेना. त्या रकान्याचा अर्थ 'एचटीटीपीएस साइटसाठी वापरायचा प्रॉक्सी' एवढाच आहे. प्रॉक्सीशी होणारं बोलणं तिथेही उघडंच राहतं. एक संध्याकाळ यात गेली. ज्याने कुणी त्या रकान्याचं नाव ठरवलं त्याने किती लोकांच्या संध्याकाळी घेतल्या असतील.

खरा मार्ग पॅक फाइलचा. पॅक म्हणजे जावास्क्रिप्टची छोटीशी फाइल. ब्राउझर प्रत्येक साइटला जाण्याआधी तिला विचारतो, इथे कसं जाऊ? आमची फाइल म्हणते: साइटचं नाव या तीन पोर्टलांपैकी असेल तर 'एचटीटीपीएस' आणि पुढे प्रॉक्सीचं नाव व पोर्ट. नाहीतर 'डायरेक्ट'. यातल्या पहिल्या शब्दाकडे लक्ष द्या. इंटरनेटवरच्या बहुतेक नमुन्यांत तिथे 'प्रॉक्सी' असा शब्द असतो, म्हणजे साधी, उघडी जोडणी. तो आपल्याला नको. 'एचटीटीपीएस' हवा. एका शब्दाचा फरक, आणि आख्ख्या सेटअपचा जीव त्यात.

दुसरं, प्रॉक्सीच्या नावापुढे अर्धविराम देऊन 'डायरेक्ट' लिहायची पद्धत आहे, म्हणजे प्रॉक्सी बंद असेल तर थेट जा. आम्ही ते मुद्दाम काढलं. थेट गेलं की पोर्टल 'प्रवेश नाही' म्हणतं, आणि मग आमचं मशीन बंद आहे की हॉटेलने पुन्हा ब्लॉक केलं, हे घरी बसलेल्या मुलीला कळत नाही. फेब्रुवारीनंतर 'ब्लॉक' या शब्दाने आमच्याकडे सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. त्यापेक्षा सरळ 'प्रॉक्सी सापडला नाही' दिसलेलं बरं.

पॅक फाइल आमच्या वेबसाइटवर ठेवली आणि तिचा पत्ता फायरफॉक्समध्ये दिला. क्रोम आणि एज विंडोजचीच सेटिंग वापरतात. तिथे दिलं तर ते अख्ख्या लॅपटॉपला लागू होतं, इतर प्रोग्रॅमही त्या फाइलीला विचारायला लागतात. फायरफॉक्सची सेटिंग त्याची स्वतःची असते. आमच्या वाळपईच्या मुलीचा लॅपटॉप घरातला सामायिक आहे, तिचा धाकटा भाऊ त्यावर अभ्यास करतो. म्हणून ठरवलं: ऑफिसचं काम फायरफॉक्समध्ये, घरचं सगळं क्रोममध्ये, एकमेकांत मिसळायचं नाही. तिघींकडेही तसंच केलं. पुढे फायरफॉक्सच्या पॉलिसी फाइलीतून ती सेटिंग कुलूपबंदही केली, म्हणजे चुकून हात लागून बदलत नाही. फोन मी यातून वगळले. वायफायला प्रॉक्सी देता येतो, पण कितीतरी ॲप तो पाळतच नाहीत, आणि ताळेबंद फोनवर तपासावा असं मला वाटतही नाही.

व्हीपीएन, म्हणजे लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा खासगी बोगदा, का नाही, हे मला दोघातिघांनी विचारलं. वायरगार्ड हा व्हीपीएन उत्तम आहे, वेगही चांगला. पण नेहमीच्या पद्धतीने बसवला की घरचा लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कात येऊन बसतो, आणि त्या लॅपटॉपवर धाकटा भाऊ काय उतरवून घेतो ते मी बघायला जात नाही. तेही आवळता येतं, म्हणा. पण प्रॉक्सीत मुळातच फक्त ब्राउझर येतो, तोही तीन साइटपुरता. आमच्या गरजेला हे माप बरोबर बसलं. ज्यांना ऑफिसच्या प्रिंटरपर्यंत किंवा टॅलीच्या मशीनपर्यंत पोहोचायचं असेल, त्यांनी व्हीपीएनच बघावा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात केरीहून तक्रार आली: पोर्टल उघडतं, पण महिन्याचा रिपोर्ट उतरत नाही. ब्राउझर नुसतं म्हणतो, प्रॉक्सीने नकार दिला. इथे स्क्विडबद्दल, किंवा खरं तर ब्राउझरांबद्दल, माझी खरी तक्रार आहे. एचटीटीपीएस साइटला स्क्विडने नाकारलं तर त्याचं कारण सांगणारं पान ब्राउझर दाखवतच नाही. फायरफॉक्स म्हणतो प्रॉक्सी जोडणी नाकारतोय, क्रोम म्हणतो टनेल, म्हणजे बोगदा, जमला नाही. पासवर्ड चुकला, साइट यादीत नाही की पोर्ट वेगळा, घरी बसलेल्या माणसाला काहीच समजत नाही. उत्तर फक्त लॉगमध्ये असतं. मी लॉग उघडला आणि ती ओळ समोर होती: टीसीपी डिनाइड, ४०३, कनेक्ट, पोर्टलचं नाव, आणि शेवटी ८४४३. रिपोर्ट वेगळ्या पोर्टवरून येत होता आणि आमचा पहिलाच नियम ४४३ सोडून सगळं नाकारत होता. ८४४३ त्या नियमात घातला, रीलोड केलं, दोन मिनिटांत रिपोर्ट उतरला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. पहिल्यांदाच मी कुणाला न विचारता दोष शोधला होता.

ऑगस्टच्या मध्यावर मात्र मोठा खोळंबा झाला. सकाळी तिघीही एकदम बाहेर. ऑफिसातून मी क्रोममध्ये करून बघितलं, तर प्रॉक्सीचं प्रमाणपत्र अवैध असा निरोप, आणि 'तरीही पुढे जा' असा पर्यायही नाही. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट हा प्रोग्रॅम ते मुदतीच्या महिनाभर आधी आपोआप नवं करतो, आणि त्याने जुलैत केलंही होतं. डिस्कवर नवं प्रमाणपत्र होतं. पण स्क्विडला कुणी रीलोड सांगितलंच नव्हतं, त्याच्या मेमरीत मे महिन्यातलंच जुनं होतं, आणि त्याचे ९० दिवस त्या सकाळी भरले. एक रीलोड केला आणि सगळं सुरू. नंतर सर्टबॉटला नूतनीकरणानंतर चालवायची छोटी स्क्रिप्ट दिली: दोन्ही फाइली स्क्विडच्या फोल्डरात कॉपी कर, रीलोड कर. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही करा, आणि कॅलेंडरात दिवस ७० ला एक खूणही करून ठेवा.

गोव्यातल्या पावसाळ्यात सर्व्हर चालवायचा तर लाईटचा विचार आधी. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, पण तो मध्यरात्री संपला तर सकाळी कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत प्रॉक्सी बंद. बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, 'वीज परत आली की सुरू हो' अशी सेटिंग असते ती चालू केली. तेव्हापासून ऑफिस बंद असतानाही मशीन आपलं आपण उठतं. वाळपईच्या लॅपटॉपचं वेगळंच निघालं. त्याच्या आतली बॅटरी मेली होती, बंद केला की घड्याळ काही वर्षं मागे जायचं, आणि मग प्रमाणपत्र 'अजून सुरूच झालेलं नाही' असं त्याला वाटायचं. साखळीच्या दुकानात बॅटरी बदलून आणल्यावर थांबलं.

लॅपटॉप ऑफिसात आणला की तोच पत्ता चालेना, हाही एक घोळ. आमच्या राउटरला आतून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर वळून येता येत नाही. राउटरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीत, ते नाव आतल्या पत्त्याला जोडून दिलं, झालं.

एक प्रश्न पेडण्याच्या मुलीने विचारला, आणि बरं झालं तिने विचारलं: "मॅडम, यात तुम्हाला आमचं सगळं दिसतं काय?" मी तिला खुर्ची ओढून बसवलं आणि लॉगमधली तिचीच ओळ दाखवली. सुरुवातीला वेळ, १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेली. मग जोडणी किती वेळ राहिली ते मिलिसेकंदांत. तिच्या घरचा आयपी. टीसीपी टनेल, २००. किती बाइट गेले. पोर्टलचं नाव आणि ४४३. तिचं नाव. बस, एवढंच. कुठलं पान, काय टाइप केलं, यातलं काही नाही, कारण ते सगळं बंद बोगद्यातून जातं. आणि तीन पोर्टल सोडून तिचा ब्राउझर आमच्याकडे येतच नाही, हे पॅक फाइलीत तिलाच वाचायला दिलं. स्क्विडमध्ये तो बोगदा फोडून आत बघायची सोय आहे, एसएसएल बम्प म्हणतात. त्यासाठी प्रत्येकीच्या लॅपटॉपवर आपलं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बसवावं लागतं. मी ते केलेलं नाही आणि करणार नाही. कामावर विश्वास ठेवायचा आणि मागून पत्रं उघडून वाचायची, हे मला जमणार नाही.

लॉग किती दिवस ठेवायचा हे प्रत्येकाने ठरवावं. डेबियनवर मुळात तो रोज नवा सुरू होतो आणि जुन्या दोनच प्रती राहतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांची मुदत आहे, आम्ही तीच धरली. तिघींचा लॉग कॉम्प्रेस करून ठेवला की काही एमबीच होतो.

स्क्विडची काळी बाजूही सांगायला हवी. २०२१ मध्ये एका संशोधकाने त्याचा कोड तपासून ५५ दोष काढले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने ते जाहीर केले, तेव्हा त्यातले बरेचसे दुरुस्त झालेले नव्हते. स्क्विड सांभाळणारे मोजके स्वयंसेवक आहेत, मोठी कंपनी मागे नाही. हे वाचून मी आठवडाभर विचारात होते. शेवटी ठेवायचं ठरवलं, पण सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील अशी व्यवस्था करून, आणि ज्या सोयी आम्ही वापरत नाही त्या फाइलीत न ठेवता. आमचा ४४३ बाहेर उघडा आहे, त्यामुळे रोज पाच-पंचवीस अनोळखी पत्ते येऊन धडकतात. प्रत्येकासमोर लॉगमध्ये 'डिनाइड' असतं. सोमवारी सकाळी चहा घेताना मी ती यादी वाचते. वेळ फार जात नाही, आणि फेब्रुवारीत तेवढं कुणी वाचत असतं तर कांदोळीचे ते दोन दिवस वाचले असते.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. एक गुण कापला तो त्या हजारो ओळींच्या फाइलीसाठी आणि घरच्या माणसाला कारण न सांगणाऱ्या नकारासाठी. तीन ते वीस माणसांचं ऑफिस, एक स्टॅटिक आयपी, ठराविक साइट, आणि आठवड्यातून एकदा लॉग बघेल असं एक माणूस, एवढं असेल तर जरूर लावा. बघणारं माणूस नसेल तर लावू नका. स्टॅटिक आयपी घेताना पुरवठादाराला स्पष्ट विचारा की तो बाहेरून पोहोचता येणारा आहे ना. अनेक घरगुती जोडण्यांत एकच पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, तिथे राउटरवर कितीही दारं उघडली तरी बाहेरून कुणी येऊ शकत नाही.

सप्टेंबरपासून नवीन नाव घालणं, पासवर्ड बदलणं आणि लॉग वाचणं मी वाळपईच्या मुलीला शिकवलं. तिची स्वतःची वही आहे, त्यात ४०३, ४०७, २०० असे आकडे आणि पुढे मराठीत अर्थ. गेल्या आठवड्यात मी पणजीला एका सुनावणीला गेले होते, फोन बंद. बाहेर येऊन चालू केला तर तिचा निरोप होता: "मॅडम, केरीहून सारखं ४०७ येत होतं, म्हणजे पासवर्डच चुकत होता. नवा करून दिला. चाललं."